चाळीस बोली लावल्या, उत्तर एकाचेही नाही

पत्र (संक्षिप्त करून):

मी इचलकरंजीला राहते. वय ३६. एका छापखान्यात नऊ वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावण्याचे, काम केले. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची वार्षिके, दोन-तीन दिवाळी अंक, शिवाय लग्नपत्रिका तर रोजच्याच. त्यासाठी श्रीलिपी, पेजमेकर, कोरल आणि शेवटची चार वर्षे इनडिझाइन ही सॉफ्टवेअरे वापरली. सासूबाईंच्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली. तीन महिन्यांपूर्वी अपवर्क या घरबसल्या कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर खाते उघडले. लोगो, टायपिंग, डेटा एन्ट्री, जे दिसेल तिथे सर्वांत कमी दर टाकून चाळीस प्रस्ताव पाठवले. एकेका प्रस्तावाला सरासरी दहा कनेक्ट, म्हणजे प्रस्ताव पाठवण्यासाठी तिथे भरायची टोकने, लागतात, ते विकत घेतले. एकाचेही उत्तर नाही. दर आणखी कमी करू का? माझे इंग्रजी बेताचे आहे, म्हणून असे होत असेल का? ओळखीतला एक मुलगा म्हणतो की चांगले रेटिंग असलेले जुने खाते भाड्याने मिळते, ते घ्यावे का? आणि मला एक फोन आला होता, ३,५०० रुपये अनामत भरल्यास घरबसल्या फॉर्म भरण्याचे खात्रीचे काम देतो म्हणून. ते कसे वाटते?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार प्रश्नांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याची कारणे मी पुढे देणारच आहे. पण पत्र वाचताना मला खटकले ते वेगळेच. मराठी पान लावण्यात ज्या बाईचा नऊ वर्षे हात बसला आहे, ती चाळीस ठिकाणी अर्ज करते आणि त्यांत मराठी पानाचे काम एकही नसते. तुम्ही सोबत पाठवलेल्या यादीत अकरा लोगो आहेत, सतरा डेटा एन्ट्री आहेत, बाकी किरकोळ टायपिंग आहे. ज्या कामासाठी जगातला कोणीही संगणकधारक उभा राहू शकतो, त्या कामाच्या रांगेत तुम्ही उभ्या राहिलात, आणि तुमचा खरा माल घरीच ठेवून गेलात.

आधी झालेला खर्च मांडू, कारण तो तुम्ही मांडलेला दिसत नाही. अपवर्कवर एक कनेक्ट ०.१५ डॉलरला मिळतो. दहा कनेक्टचा एक प्रस्ताव म्हणजे दीड डॉलर, आणि असे चाळीस म्हणजे साठ डॉलर. सुरुवातीला फुकट मिळालेले थोडे कनेक्ट वजा केले, तरी आजच्या भावाने हे साडेचार-पाच हजार रुपयांच्या घरात जाते. छापखान्यात कागदाचा एक रीम वाया गेला असता तर मालकाने हिशेब मागितला असता. इथे मागणारे कोणी नाही, म्हणून तो आपणच ठेवायला हवा. इथून पुढे प्रत्येक प्रस्तावाची तारीख, काम, लागलेले कनेक्ट आणि निकाल एका वहीत लिहा. आठवड्याला तीन किंवा चार, त्याहून जास्त प्रस्ताव पाठवू नका.

दर कमी करण्याविषयी तुमची जी समजूत आहे ती ‘बोली’ या शब्दाने करून दिलेली आहे, असे मला वाटते. आपल्याकडे नगरपालिकेच्या निविदेत अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम मिळते, आणि तोच हिशेब आपण डोक्यात धरून या संकेतस्थळांवर जातो. पण इथे काम देणाऱ्यावर सर्वांत कमी दर निवडण्याचे कोणतेही बंधन नाही. इलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या संकेतस्थळांच्या एकत्रीकरणातून २०१५ साली अपवर्क हे नाव आले. म्हणजे हा बाजार चांगला मुरलेला आहे आणि यातले नेहमीचे गिऱ्हाईक स्वस्तात काम दिल्याचे चटके खाऊन शहाणे झालेले आहे. तासाला तीन डॉलर, म्हणजे तिथला किमान दर, मागणारा प्रस्ताव पाहिला की त्याला तुमची गरज दिसते, कसब दिसत नाही. शिवाय त्या दराला भुलून जो येतो तो बहुधा सर्वांत जास्त दुरुस्त्या सांगणारा असतो.

मग उभे राहायचे कुठे? परदेशातल्या अनुवाद संस्था, रुग्णालये, सामाजिक संस्था आणि कंपन्या यांना आपली पत्रके भारतीय भाषांतही काढावी लागतात. अनुवादक मजकूर वर्डमध्ये देतो आणि तिथला डिझायनर तो इनडिझाइनच्या पानावर चिकटवतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’, म्हणजे आपल्यासारख्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा पर्याय, निवडलेला नसेल तर पुढे काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको: जोडाक्षरे सुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन बसते, आणि रफार वर चढण्याऐवजी पाय मोडलेला ‘र्’ होऊन ओळीतच थांबतो. त्या डिझायनरच्या दृष्टीने ही सगळी चित्रेच असल्यामुळे त्याला काही बिघडले आहे हेही कळत नाही, आणि पत्रक छापून झाल्यावर कोणीतरी मराठी माणूस ते दाखवून देतो. या कामाला त्या जगात ‘मल्टिलिंग्वल डीटीपी’ म्हणतात. संकेतस्थळावर शोध घेताना हे शब्द टाका. त्यासोबत ‘मराठी’, ‘हिंदी’, ‘देवनागरी’, ‘इनडिझाइन’ आणि ‘टाइपसेटिंग’ असे वेगवेगळे जोडून पाहा. अशी कामे रोज शंभर येत नाहीत, हे आधीच सांगते. पण जे एखादे येते, त्यावर बोली लावणाऱ्यांत ‘दुसर्‍या’ आणि ‘दुसर्या’ यांतला फरक दिसणारी माणसे किती असतील याचा विचार करा. तुम्हाला तो पानभर मजकुरातून नजर फिरवताना टोचतो.

याच्याच शेजारचे दुसरे काम म्हणजे जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर किंवा फोनवर सारखाच वाचता येईल अशा रूपात, आणणे. ज्यांना आपली जुनी पुस्तके ई-बुक म्हणून काढायची आहेत त्यांच्याकडे श्रीलिपीतल्या किंवा तशाच फॉन्टांतल्या फाइली पडून आहेत. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांतून निघालेला मजकूर वाचून सुधारावा लागतो आणि तिथे प्रूफ तपासलेली नजर लागते. अनुवादकांच्या वर्तुळात १९९९ पासून चालत आलेले प्रोझ हे संकेतस्थळही पाहून ठेवा. तिथल्या ‘ब्लू बोर्ड’वर अनुवाद संस्थांविषयी त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी दिलेले अभिप्राय असतात, ते पैसे वेळेवर मिळतील की नाही याचा अंदाज घ्यायला उपयोगी पडतात. फायव्हर या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाची पद्धत आणखी निराळी आहे. तिथे प्रामुख्याने बोली लावायची नसते, दुकान मांडायचे असते, आणि प्रत्येक कामाच्या रकमेतून वीस टक्के जातात. सध्या तुम्ही एकाच ठिकाणी लक्ष ठेवलेत तर बरे.

नमुन्यांची तुम्हाला अडचण आहे, कारण छापखान्यातली कामे तिथल्या गिऱ्हाइकांची आहेत आणि परवानगीशिवाय ती दाखवता येणार नाहीत. उपाय सोपा आहे. हात धुण्याविषयी किंवा मधुमेहाविषयी दोन पानी इंग्रजी पत्रक स्वतःच तयार करा, त्याचा मराठी मजकूर लिहा आणि तो मुद्दाम चुकीच्या सेटिंगने लावून एक पान आणि नीट लावून दुसरे पान, अशी जोडी शेजारी शेजारी ठेवा. चुकीच्या पानावर चार लाल वर्तुळे काढा. मराठीचे एक अक्षर न येणाऱ्या माणसालाही ते चित्र पाहून कळेल की आपल्याला या बाईची गरज आहे. प्रोफाइलच्या शीर्षकातले ‘ग्राफिक डिझायनर, डेटा एन्ट्री एक्स्पर्ट, टायपिस्ट’ हे सगळे काढून टाका आणि मराठी व हिंदी डीटीपी, इनडिझाइन, नऊ वर्षे, एवढेच ठेवा.

आता काम निवडण्याविषयी. जाहिरातीच्या खाली काम देणाऱ्याची कुंडली दिलेली असते आणि ती न वाचता बोली लावणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. त्याची पैसे देण्याची सोय पडताळलेली आहे का, आजवर त्याने किती खर्च केला आहे, जाहिराती दिल्या तितकी माणसे खरोखर घेतली का, आणि आधी काम केलेल्यांनी त्याच्याविषयी काय लिहिले आहे, हे चार ठिकाणी पाहायचे. पन्नासच्या वर प्रस्ताव आलेले असतील आणि त्याने काहींशी बोलणीही सुरू केलेली असतील, तर ती जाहिरात सोडून द्या. अगदी नवा, काहीच इतिहास नसलेला गिऱ्हाईक मात्र केवळ नवा म्हणून टाळू नका. त्याने मजकूर, पानांची संख्या आणि मुदत नेमकी लिहिली असेल तर तो खरा असण्याचा संभव असतो. काही जण जाहिरातीच्या मधोमध लिहून ठेवतात की प्रस्तावाची सुरुवात अमुक शब्दाने करा. हा वाचनाचा सापळा आहे आणि त्यात बरेच जण अडकतात.

तुम्ही पाठवलेला प्रस्तावाचा नमुना मी दोनदा वाचला. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरुवात, मग आपण मेहनती, प्रामाणिक आणि वेळ पाळणाऱ्या आहोत हे तीन वाक्यांत, मग घरची परिस्थिती, आणि शेवटी ‘काइंडली गिव्ह मी वन चान्स’. हे इंग्रजी वाईट आहे म्हणून नव्हे, तर यात समोरच्याच्या कामाविषयी एक अक्षर नाही म्हणून तो नाकारला जातो. प्रस्तावाच्या यादीत गिऱ्हाइकाला पहिल्या दोन ओळीच दिसतात, आणि त्या दोन ओळी तुम्ही आदर दाखवण्यात खर्च केल्या. तुमच्या इंग्रजीचे उत्तरही यातच आहे: लांब वाक्ये लिहू नका, आठ-दहा शब्दांची लिहा, ती चुकत नाहीत. एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही. पण सगळा प्रस्ताव त्याच्याकडून लिहून घेतलात तर तो इतर वीस जणांच्या प्रस्तावांसारखाच दिसेल, कारण त्यांनीही तेच केलेले असते.

समजा, जाहिरात अशी आहे की आठ पानी आरोग्य पुस्तिकेची इंग्रजी इनडिझाइन फाइल तयार आहे, मराठी अनुवाद वर्डमध्ये आहे, तो त्या पानांवर बसवून छपाईसाठी पीडीएफ हवी. तर याच अर्थाचे साधे इंग्रजी लिहा:

‘तुमच्या आठ पानांवर मराठी मजकूर बसवण्याचे काम मी करू शकते. मराठी माझी मातृभाषा आहे आणि छापखान्यात मी नऊ वर्षे मराठी पाने लावली आहेत. मराठी मजकूर आणि इंग्रजी मजकूर यांची लांबी सारखी नसते, म्हणून तिसऱ्या आणि सहाव्या पानावरचे तक्ते थोडे बदलावे लागतील. ते कसे बदलू हे आधी दाखवीन. सोबत एक पान जोडले आहे, डावीकडे चुकीचे, उजवीकडे दुरुस्त. फाइल मिळाल्यापासून तीन दिवसांत पहिली पीडीएफ देईन. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या या दरात धरल्या आहेत. एक प्रश्न: फॉन्ट तुम्ही ठरवला आहे का, की मी सुचवू?’

तक्त्यांचा उल्लेख जाहिरातीसोबतची फाइल उघडून पाहिली असेल तरच करायचा, हे वेगळे सांगायला नको. शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे, कारण प्रश्नाला उत्तर द्यावेसे वाटते, आणि उत्तर आले की बोलणे सुरू होते.

दराचा हिशेब तुमच्या तासांवरून करा. अशा पुस्तिकेला तुमचे दुरुस्त्यांसह पाच तास जातील आणि तासाला निदान आठ डॉलर हातात यावेत असे तुम्ही ठरवले, तर ४० डॉलर ही तुमची गरज झाली. संकेतस्थळाचे शुल्क त्याच्या वर धरायचे. मे २०२५ पासून अपवर्कवर नव्या करारांवर हे शुल्क शून्य ते पंधरा टक्के यांच्या दरम्यान असते आणि त्या कामाला किती लागेल हे प्रस्ताव पाठवण्याआधीच दिसते. ते दहा टक्के असेल तर ४५ डॉलर मागितल्यावर साडेचाळीस हातात येतात. कनेक्टचे दीड डॉलर धरून मी ४८ लिहिले असते. पहिल्या दोन-तीन कामांना अभिप्राय मिळावा म्हणून थोडे कमी घेतले तर चालेल, पण तीन डॉलरवर पुन्हा जाऊ नका. आपला इतिहास तिथे दिसत राहतो आणि पुढचा गिऱ्हाईक तोच दर मागतो.

पैसे कसे सुरक्षित राहतात हे मी ठेच लागून शिकले. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक ४८ पानांची पाककृतींची पुस्तिका होती. ठरावीक रकमेचे काम होते, आणि गिऱ्हाईक फार गोड बोलत असल्यामुळे त्याने संकेतस्थळाकडे रक्कम जमा केली आहे की नाही हे न पाहता मी त्याच रात्री कामाला लागले. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या, हे कुठेच लिहिले नव्हते. सातव्या फेरीला त्याने सर्व छायाचित्रे बदलली, आठव्याला पानाचा आकार बदलला, आणि नवव्या फेरीची पीडीएफ घेऊन तो जो गेला तो आजतागायत गेला आहे. तक्रार केली, पण जमाच नसलेली रक्कम मला कोण देणार? म्हणून ठरावीक रकमेच्या कामात टप्प्याची रक्कम जमा झाल्याची खूण दिसल्याशिवाय फाइल उघडायचीसुद्धा नाही. रक्कम जमा असेल आणि तुम्ही काम रीतसर त्या टप्प्यावर सादर केले असेल, तर गिऱ्हाईक चौदा दिवस गप्प राहिल्यास ती आपोआप तुमच्याकडे येते. मात्र काम नुसते निरोपात जोडून पाठवले तर हे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. तासाच्या कामात अपवर्कचे वेळ मोजणारे ॲप चालू ठेवावे लागते. ते तासाला साधारण सहा वेळा पडद्याचे चित्र टिपते. हे काहींना अपमानकारक वाटते, मलाही पहिल्या आठवड्यात वाटले होते, पण पैशाचे संरक्षण त्या नोंदीलाच आहे, हाताने भरलेल्या तासांना नाही.

ओळख झाल्यावर एखादा गिऱ्हाईक म्हणेल की शुल्क कशाला भरायचे, आपण बाहेर परस्पर व्यवहार करू. ओळख तिथे झाल्यापासून दोन वर्षे तसे करायला नियमाने मनाई आहे, आणि खाते बंद झाले तर मिळवलेले अभिप्रायही जातात. करार होण्याआधीच व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर या असे म्हणणाऱ्याला तर उत्तरच देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण लग्न झालेल्या बायकांना हटकून नडते. तुमच्या पॅन कार्डावर माहेरचे नाव आहे का, आणि बँकेच्या खात्यावर सासरचे? तसे असेल तर पहिली कमाई होण्याआधीच ते एक करून घ्या. संकेतस्थळावरचे नाव, ओळखपत्र, पॅन आणि बँक खाते यांवरचे नाव जुळले नाही, तर ओळख पडताळणी किंवा पैसे काढणे अडू शकते, आणि तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आता सावकाश केलेले बरे. अमेरिकी संकेतस्थळ असल्यामुळे ‘डब्ल्यू-८ बेन’ नावाचा एक फॉर्म भरावा लागतो; त्यात तुम्ही तिथल्या करदात्या नाही एवढेच जाहीर करायचे असते, घाबरण्यासारखे त्यात काही नाही. मिळकत परदेशातून आली तरी ती आपल्या विवरणपत्रात दाखवावी लागते. परकीय रक्कम जमा झाल्याचे बँकेचे दाखले जपून ठेवा आणि वर्षाअखेरीला ते वहीसकट एखाद्या कर सल्लागारासमोर ठेवा. जीएसटीच्या नोंदणीची चिंता सेवांच्या बाबतीत वर्षाला वीस लाखांच्या आसपास उलाढाल पोहोचू लागली की करायची असते.

वेळेविषयी थोडे. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. सासूबाईंची औषधे आणि मुलीचे जेवण आटोपून तुम्ही बसाल ती वेळ तिकडच्या कचेरीची आहे, हे तुमच्या सोयीचेच आहे. त्या तासाभरात उत्तरे आणि नवे प्रस्ताव, आणि प्रत्यक्ष पाने लावायचे काम दुपारी, असे वाटून घेता येईल.

भाड्याच्या खात्याविषयी: खाते ज्याचे, काम त्यानेच करायचे असा नियम आहे. ओळख पडताळणीत तुमचा चेहरा आणि त्या खात्याचे नाव जुळणार नाही, आणि त्याआधी जे पैसे येतील ते खात्याच्या मूळ मालकाच्या बँकेत येतील. तो ते तुम्हाला देईल, अशी हमी तुमच्या ओळखीचा मुलगा घेणार आहे का, हे त्याला विचारा. उलट, उद्या कोणी तुमचे खाते भाड्याने मागितले तरी ते देऊ नका; त्यावरून काय काय केले गेले हे नंतर तुमच्या नावावर राहते.

राहिली ३,५०० रुपयांची अनामत. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, एवढ्यावरच हा विषय संपायला हवा, पण या प्रकाराचा पुढचा अंक जास्त वाईट असतो. शेकडो फॉर्म भरून दिल्यावर ‘अचूकता कमी पडली’ म्हणून मोबदला नाकारतात, आणि मग सुरुवातीला सही करून घेतलेला करार दाखवून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात की इतके हजार भरा, नाहीतर खटला. त्या नोटिशीला घाबरून पैसे भरणारे असतात. तुम्ही अजून काही भरलेले नाही, सहीही केलेली नाही, असे पत्रावरून दिसते. आधारची प्रत पाठवली असेल तर ती कोणाला, कधी आणि कोणत्या क्रमांकावर पाठवली हे आजच वहीत लिहून ठेवा. त्यांचा फोन पुन्हा आला तर क्रमांक टिपून घ्या, आणि धमकावू लागले तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.